मे महिन्यात तळं कुठं जातं?

या, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. मागे दाराशी उभं राहण्यापेक्षा पंख्याखाली बसा.

या मालेत एरवी पुस्तकांवर बोलणं होतं, नाटकांवर होतं. आज आम्ही ज्याची समीक्षा करणार आहोत ते पुस्तक नव्हे. ते एक पान आहे. पूर्वी ते गुळगुळीत कागदावर छापून वर्तमानपत्राच्या घडीत यायचं, आता फोनवर येतं. उन्हाळी सुट्टीच्या सहलीची जाहिरात. त्यातही तळ्याकाठच्या मुक्कामाची.

हे पान आपल्या घरांत फार गंभीरपणे वाचलं जातं. मार्च उजाडला की चर्चा सुरू. मुलांना पाणी हवं असतं. आजोबांचे गुडघे दुखतात म्हणून गड नको. कोकणात मे महिन्यात घाम फार. महाबळेश्वरला गाड्यांच्या रांगा. मग कुणीतरी म्हणतं, ‘त्यापेक्षा एखाद्या लेकवर जाऊ या ना, दोन दिवस शांत.’ सगळ्यांना पटतं. फोटो पाहिले जातात, पैसे भरले जातात. म्हणजे बघा, एखाद्या कादंबरीवर आपण तीनशे रुपये घालवतो तेव्हा परीक्षण वाचून घेतो. इथं वीस-पंचवीस हजार जातात, घरातल्यांचे सुट्टीचे मोजके दिवस जातात, आणि या मजकुराचं परीक्षण कुणी करत नाही. ते आज करू.

आधी चित्र, मग शब्द, आणि शेवटी ज्याबद्दल हे पान काहीच बोलत नाही ते.

चित्रापासून सुरुवात करतो. निळं पाणी काठोकाठ भरलेलं. पाण्याच्या कडेला थेट हिरवं गवत. मागे हिरवे डोंगर, त्यांच्यावर कापसासारखे ढग. हे चित्र खोटं आहे का? नाही. ते खरंच त्या जागेचं आहे. फक्त ते सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं आहे आणि तुम्हाला विकलं जातंय मे महिन्यासाठी. सह्याद्रीत मे महिन्यात हिरवा डोंगर नसतो. गवत पिवळं पडून वाळून, कित्येक ठिकाणी जळून गेलेलं असतं. फोटोतली तारीख ओळखायला यापेक्षा दुसरा पुरावा नको.

पण डोंगराच्या रंगापेक्षा महत्त्वाची गोष्ट पाण्याच्या कडेला असते. भरलेल्या तळ्यात गवत आणि पाणी एकमेकांना भेटतात. उतरलेल्या तळ्यात त्या दोघांच्या मध्ये एक उघडा, मातकट पट्टा असतो. तांबूस, भेगाळलेला, कुठं खडकाळ, कुठं चिखलाचा. तो पट्टा जाहिरातीच्या फोटोत कधीच नसतो. मे महिन्यात तुम्ही जिथं राहणार असता, तिथं खरं तर तोच असतो.

हा पट्टा केवढा असेल याचा हिशोब साधा आहे. जमिनीला दर शंभर मीटरला एक मीटर उतार आहे असं धरा. पाण्याची पातळी दहा मीटर उतरली, तर काठ सरकतो किती? एक किलोमीटर. ‘खोलीतून दहा पावलांवर पाणी’ हे वाक्य ऑक्टोबरात खरं असतं आणि मे महिन्यात एक किलोमीटरनं चुकतं.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरानं अशा एका ठिकाणी मे महिन्यात दोन दिवसांचं आरक्षण केलं. ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण दोष त्या एकाचा नाही. पोचलो. मुलं गाडीतून उतरली, धावत तारेच्या कुंपणापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, ‘तळं कुठंय?’ समोर माळरान होतं. फार लांब, उन्हात एक चकाकती रेघ होती. व्यवस्थापक भला माणूस होता, म्हणाला, ‘साहेब, पाऊस झाल्यावर या, पायाशी पाणी असतं.’ आता शाळेची सुट्टी पाऊस झाल्यावर कुठून आणायची? (हशा)

त्या प्रसंगाकडे पुन्हा येऊ, कारण त्याचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आता शब्दांकडे वळू.

‘लेक व्ह्यू.’ ‘लेक टच.’ ‘लेकसाइड स्टे.’ आमच्या भाषेत लेक म्हणजे मुलगी. ती उन्हाळ्यात माहेरी येते, आंबे खाते, दुपारी झोपते. या जाहिरातीतलं लेक नेमकं उलटं वागतं. पावसाळ्यात माहेरी राहतं आणि उन्हाळ्यात, आपण भेटायला जातो तेव्हा, सासरी निघून गेलेलं असतं. (हशा) हसू नका, हे शब्दशः खरं आहे. त्या पाण्याचं सासर ठरलेलं असतं. करारानं, कायद्यानं, कालव्यानं आणि बोगद्यानं.

कारण ते लेक नसतंच. ते धरण असतं.

मराठीत पाण्याला शब्दांची ददात नाही. तळं म्हणतो, तळी म्हणतो, तलाव म्हणतो, सरोवर म्हणतो, बांध म्हणतो, जलाशय म्हणतो. तळं हे गावाचं, देवळाजवळचं. बांध हा कुणीतरी घातलेला. सरोवर म्हटलं की निसर्गाचं, मोठं, लोणारसारखं. आणि जलाशय म्हटलं की भिंतीमागचं पाणी. शब्द उच्चारला की पाणी कुठून आलं हे थोडंफार कळतं. ‘लेक’ या एका शब्दानं ही सगळी माहिती पुसून टाकली. तुम्ही विचाराल, इंग्रजी शब्दाला आमचा विरोध आहे का? नाही. आम्ही बस म्हणतो, तिकीट म्हणतो. आमची तक्रार एवढीच, की हा शब्द इथं माहिती लपवायला वापरला जातो. ‘धरणाकाठी राहा’ अशी जाहिरात करून बघा. ऐकणारा लगेच विचारील, ‘उन्हाळ्यात पाणी असतं का हो?’ ‘लेकसाइड’ म्हटलं की तो हे विचारत नाही.

महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवा. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरं फार थोडी. मोठं नाव घ्यावं असं एक, लोणार, तेही अशनीच्या आघातानं बसाल्ट खडकात झालेल्या विवरातलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. पुण्या-मुंबईच्या माणसाच्या सहलीच्या यादीत जी ‘लेक्स’ आहेत ती जवळजवळ सगळी धरणं आहेत: पवना, मुळशी, भंडारदरा, कोयनेचा शिवसागर. महाबळेश्वरचा वेण्णा तलावसुद्धा बांधलेला आहे, साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळात, १८४२ मध्ये.

धरण म्हणजे पाण्याची तिजोरी आहे. पावसाळ्यात भरायची आणि पुढचे आठ महिने खर्च करायची. १५ ऑक्टोबरच्या सुमारास ती भरलेली असते, मे अखेरीस तळ गाठते. ती मे महिन्यात रिकामी दिसते, म्हणजे तिनं तिचं काम केलं. धरणाच्या भाषेत दोन साठे असतात, उपयुक्त साठा आणि मृत साठा. उजनीचं उदाहरण घ्या. एकूण ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ ६३ टीएमसी मृत साठ्यात जातं. म्हणून उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतं, ‘उजनी उणे इतके टक्के.’ बाहेरगावच्या माणसाला वाटतं, पाणी उणे कसं असेल? असतं. उपयुक्त खर्च झालं की मृत साठ्याला हात घातला, असा त्याचा अर्थ.

आता एकेका पाण्याचं सासर सांगतो, कारण ठिकाण निवडताना याचाच उपयोग होतो.

पवनेचं पाणी नदीतून पिंपरी-चिंचवडच्या नळाला जातं. मुळशीचं पाणी नदीच्या उलट दिशेला, पश्चिमेला, घाट उतरून रायगडात भिऱ्याच्या वीजघरात जातं. तिथं वीज करून झाल्यावर कुंडलिकेत पडतं. कोलाडला जे तरुण उन्हाळ्यात राफ्टिंग करतात ते याच सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे मुळशीच्या काठावरून जे पाणी उतरलं म्हणून तुम्ही हळहळता, त्याच पाण्यावर खाली कुणीतरी हेल्मेट घालून किंचाळत असतं. (हशा) कोयनेचं पाणीही मोठ्या प्रमाणात पश्चिमेला, पोफळीला वीज करून चिपळूणच्या वाशिष्ठीत जातं. भंडारदऱ्याचं प्रवरेतून खाली शेतीला. या प्रत्येकाला सांभाळणारे अधिकारी आहेत, पाळ्या आहेत, भांडणं आहेत. आपल्या दोन दिवसांच्या सुट्टीचा त्या वेळापत्रकात कुठंही विचार नाही, आणि नसावाच.

‘तळं राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण नेहमी वाकड्या अर्थानं वापरतो, लाचखाऊ कारकुनाबद्दल. पण तिचा सरळ अर्थही बघा. राखणाऱ्याचा पहिला हक्क. आम्ही पर्यटक राखणारे नाही.

शब्दांतला दुसरा नमुना म्हणजे ‘मिनी काश्मीर’. महाबळेश्वरच्या खाली, कोयना आणि सोळशी नद्यांच्या संगमावर तापोळा आहे. शिवसागराचं पाणी तिथं डोंगरांच्या बेचक्यांतून शिरलंय, दृश्य खरोखर देखणं आहे. त्याला हे नाव चिकटलंय. समीक्षक म्हणून आम्हाला हे नाव आळशी वाटतं. त्यानं तापोळ्याबद्दल काहीच सांगितलं नाही. तिथं बर्फ नाही, शिकारा नाही, चिनार नाही. तिथं आहे ते असं: १०५ टीएमसीचं धरण, त्यात बुडालेलं एक खोरं, खोऱ्याच्या उरलेल्या वरच्या कडेला राहिलेली गावं, आणि एकमेकांकडे जायला बोट. पलीकडच्या गावाला पूर्वी पायवाटेनं जायचे. तिथली बोट ही आधी गरज होती, गंमत नंतर झाली. हे कळलं की तापोळ्याला जाण्यात जास्त मजा आहे, कमी नाही.

आता तिसरा भाग. ज्याबद्दल पान काही बोलत नाही.

आमच्या त्या फसलेल्या सहलीत संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही पाण्याकडे चालत निघालो. मुलं पुढं. वाटेत एक दगडी चौथरा लागला, गुडघाभर उंचीचा, चिऱ्यांना चिरे नीट बसवलेले. मुलं त्यावर चढली, उड्या मारू लागली. आम्ही डबा तिथंच सोडला. चकल्या निघाल्या. जवळ एक गृहस्थ शेळ्या राखत बसले होते. त्यांना चकली दिली, त्यांनी घेतली. मग सहज म्हणाले, ‘हे पाटलाचं जोतं.’ आम्ही विचारलं, ‘तुमचं घर?’ त्यांनी पाण्याकडे हात केला. ‘आमचं अजून खाली. यंदा काय ते उघडं पडलं नाही.’

बास, एवढंच. रडले नाहीत, आम्हाला बोलही लावला नाही. पण मुलांना चौथऱ्यावरून खाली उतरवावं असं वाटलं आणि आम्ही उतरवलं.

तेव्हापासून आम्ही मे महिन्यातल्या त्या मातकट पट्ट्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. जाहिरात जो पट्टा लपवते, त्यातच त्या जागेचं चरित्र लिहिलेलं असतं. पवनेच्या पाण्यात वाघेश्वराचं जुनं मंदिर आहे. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं मंदिर आहे, पाणी खूप उतरलं की तेही वर येतं. लोक दर्शनाला जातात. आणि जिथं गाळ साचलाय तिथं पाण्याच्या मागोमाग शेतकरी उतरतात. पाणी हटलं की त्या ओलीवर पीक घेतात. त्याला शब्द आहे, गाळपेर. आपल्याला जो चिखल दिसतो तो कुणाचातरी तीन-चार महिन्यांचा मळा असतो. त्यातून गाडी घालून ‘पाण्यापर्यंत’ जाणारे बहाद्दर आम्ही पाहिलेत.

मुळशीबद्दल तर इतिहास आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी मावळातली पन्नासच्या वर गावं जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये तिथं सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते या लढ्यामुळं. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. धरण झालं, मुंबईला वीज मिळाली. शंभर वर्षांनी त्याच काठावर ‘लेक व्ह्यू’च्या पाट्या आहेत. आम्ही असं म्हणत नाही की तिथं जाणं पाप आहे. आम्ही वीज वापरतो, या सभागृहातले पंखे कुठल्यातरी धरणावर किंवा कोळशावरच फिरताहेत. पण निदान व्ह्यू कशाचा आहे हे सांगावं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये आला. मुळशी, भंडारदरा, कोयना, पवना ही सगळी त्याच्या आधीची धरणं. म्हणजे आपल्या यादीतली बहुतेक देखणी ‘लेक्स’ अशा काळातली आहेत, जेव्हा उठवलेल्या माणसाला पुन्हा कसं बसवायचं याचा कायदासुद्धा नव्हता.

इथं एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. ‘तुम्ही शहरात बसून बोलता. त्या काठावर तंबू लावणारा, पिठलं-भाकरी करून वाढणारी, बोट चालवणारा, हे सगळे त्याच गावांतले आहेत. पर्यटक आला नाही तर त्यांचं काय?’ बरोबर आहे. धरणाच्या काठावर जमीन उरली ती थोडी, उतारावरची, एका पिकाची. तंबूच्या धंद्यानं काहींच्या घरात पहिल्यांदा नियमित पैसा आला. म्हणून आम्ही ‘जाऊ नका’ म्हणत नाही. आम्ही म्हणतो, मुक्काम निवडताना एक प्रश्न विचारा: चालवणारा इथला आहे की जमीन घेऊन बाहेरून आलेला? फोनवर दोन मिनिटांत कळतं. पैसे कुणाच्या हातात पडावेत एवढं तरी आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप. ‘मग महाराष्ट्र सोडा, खऱ्या नैसर्गिक तळ्यावर जाऊ. नैनितालला.’ मराठी माणूस नैनितालला मनापासून जातो, आम्हीही गेलोय. तिथलं तळं नैसर्गिक आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर, हवा थंड. पण पाण्याचा हिशोब तिथंही सुटत नाही. त्या शहराचं पिण्याचं पाणी याच तळ्यातून उपसलं जातं आणि सगळ्यात जास्त उपसा होतो मे-जूनमध्ये, म्हणजे आपण तिथं असतो तेव्हा. वरच्या अंगाला सूखाताल नावाचं एक हंगामी तळं आहे, त्यातून जमिनीत मुरलेलं पाणी नैनी तळ्याला मिळतं, आणि त्याच्यावर बांधकामांचं अतिक्रमण झालं. २०१६ आणि २०१७ च्या उन्हाळ्यात पातळी इतकी उतरली की काठावर गाळाचे त्रिकोण उघडे पडले. थोडक्यात, तिथं तळं सासरी जात नाही, पाहुणेच ते पिऊन टाकतात. (हशा) हॉटेलात अंघोळीला बादलीभर पाणी पुरवणं हे तिथं खरोखर तळ्यावर उपकार करणं आहे. माथेरानचा शार्लोट तलाव, महाबळेश्वरचा वेण्णा, यांचंही तसंच. दोन्ही गिरिस्थानं त्या पाण्यावर जगतात.

मग जायचं कुठं? समीक्षकानं नुसती नावं ठेवू नयेत, एखादं पुस्तक सुचवावंही. आमचं मत देतो, मान्य करा न करा.

पक्षी बघायचे असतील तर उजनीचं भिगवण उत्तम, पण थंडीत. रोहित पक्ष्यांसाठी मे महिन्यात जाऊ नका. विदर्भातला नवेगावबांध आम्हाला फार आवडतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. कोहळी समाजानं पूर्व विदर्भात तलावांची जी परंपरा उभी केली तिचा हा मोठा नमुना, आणि मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळं मराठी वाचकाला तो घरचा वाटतो. ज्याला तळं म्हणजे काय हे मुलांना दाखवायचंय त्यानं तिथं जावं. पण आजोबांना घेऊन मे महिन्यात नको, गोंदियाचं ऊन सोसणारं नाही. तोही हिवाळ्यावर ठेवा.

लोणारला उन्हाळ्यात एक वेगळंच बघायला मिळू शकतं. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं. पातळी उतरली, खारेपणा वाढला, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग दिला. म्हणजे पाणी कमी होणं हीच तिथली घटना होती. दरवर्षी तसं होईलच असं नाही, त्या आशेवर जाऊ नका. पण विवराचा आकार, काठावरची धार, गावातलं दैत्यसूदन मंदिर एवढं पहाटे लवकर बघितलं तरी फेरी सार्थकी लागते.

आणि मे महिन्यात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन, पुण्या-मुंबई-नाशिकहून दोन दिवस? आमची निवड भंडारदरा. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. १९२६ मध्ये पुरं झालेलं विल्सन धरण, मागे आर्थर लेक. पाणी उतरलेलं असणार, हे घरून निघतानाच मुलांना सांगा. पहाटे हवा बरी असते. पाण्याच्या पार टोकाला रतनवाडी आहे, तिथं अमृतेश्वराचं मंदिर. त्याचं कोरीव काम बघायला पाणी भरलेलं असावं लागत नाही. शेजारची पुष्करणी बघा, म्हणजे बांधलेलं छोटं पाणी किती देखणं असू शकतं ते कळेल. मे अखेरीस तिथं काजवे दिसू लागतात आणि त्यांच्या मागोमाग गाड्यांचे हेडलाइट. काजवा उजेडानं जोडीदार शोधतो, आपण त्याच्यावर टॉर्च मारतो. जायचंच असेल तर दिवे बंद करून, वाटेवरून, आवाज न करता.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. आरक्षण करण्याआधी तीन कामं करा. जलसंपदा विभाग धरणांच्या साठ्याचे रोजचे आकडे प्रसिद्ध करतो, त्यात गेल्या मे महिन्यातला टक्का बघा. गुगल अर्थवर त्या जागेची जुन्या तारखांची उपग्रहचित्रं उघडा, उन्हाळ्यातला काठ स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आणि मुक्कामाच्या माणसाला म्हणा, ‘आजचा फोटो पाठवा, आत्ताचा.’ जो पाठवतो त्याच्याकडे जा, पट्टा दिसत असला तरी. जो ऑक्टोबरचा पाठवतो त्याला नमस्कार करा.

आमचं बोलणं संपलं. वेळ थोडा आहे, एखादा प्रश्न घेऊ. हो, मागच्या बाई.

(प्रश्न: मुलं तळ्यावर गेल्यावर पाण्यात उतरायचा हट्ट करतात. उतरू द्यावं का?)

धरणाच्या पाण्यात नाही. अजिबात नाही. स्पष्ट सांगतो, कारण दर उन्हाळ्यात या बातम्या आपण वाचतो. वरून शांत दिसतं, पण काठाला गाळ असतो, पाय रुततो, आणि दोन पावलांवर जुनी विहीर, ओढ्याचा खड्डा किंवा ताल असू शकते. ती जमीन आहे, कुणाच्या तरी गावाची जमीन, पोहण्याचा तलाव म्हणून ती कुणी सपाट केलेली नाही. बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टे बांधून, मांडीवर ठेवून नव्हे. आणि मे महिन्यात दुपारी चारनंतर बोट नको. वळवाचा वारा सांगून येत नाही. मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. ती सहलीला आलेली नव्हती, पलीकडे निघाली होती.

मुलांना पाण्यात खेळायचं असेल तर गावात विचारा, ‘पोरं कुठं डुंबतात?’ गावाला आपली सुरक्षित जागा माहीत असते. ती नसेल, तर मुक्कामावर बादली आणि तांब्या आहेच. आमच्या मुलांनी त्या वर्षी तेच केलं.